नर्सिंगच्या सरावात चॅप्लिन कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नर्सिंगची पदवी घेत आहे. तेथील सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी बनावट प्रसंगांवर सराव करायच्या प्रयोगशाळेत, अत्यवस्थ रुग्णाच्या सरावासाठी रुग्णालयाच्या चॅप्लिनना, म्हणजे तेथील धर्मसेवकांना, बोलावतात. नर्सिंगच्या शिक्षणात धर्माचे काय काम? यातून धर्मप्रचार तर होत नाही ना?
— एक पालक, सांगली

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु चॅप्लिनचे काम प्रचाराचे नाही. १९२५ मध्ये अँटन बॉइसन या चॅप्लिननी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून आजच्या चॅप्लिन-प्रशिक्षणाची परंपरा उभी राहिली. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, आपली श्रद्धा त्याच्यावर लादायची नाही, हे त्यांच्या आचारसंहितेतच आहे.

सरावात पलंगावर मॅनिकिन, म्हणजे रुग्णाचा पुतळा, असतो आणि नातेवाइकाची भूमिका बहुधा कोणीतरी वठवते. समजा, मरणासन्न वडिलांच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालू द्या, असा मुलाचा आग्रह आहे. रुग्णाला मात्र गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. विद्यार्थिनी नियमावर बोट ठेवून नाही म्हणाली तर मुलाला ती सल जन्मभर राहील, आणि विचार न करता हो म्हणाली तर रुग्णाचा श्वास कोंडेल. अशा वेळी चॅप्लिन मुलाजवळ बसून या विधीत त्याच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे ते विचारतो, आणि विद्यार्थिनी डॉक्टरांशी बोलून गंगाजलात भिजवून नीट पिळलेल्या बोळ्याने ओठ ओलावण्याची व तुळशीपत्र उशाशी ठेवण्याची वाट काढते. सराव संपल्यावरच्या चर्चेत, ती कुठे घाईने बोलली आणि कुठे गप्प राहायला हवे होते, हे चॅप्लिन तिला दाखवून देऊ शकतो. औषधाच्या मात्रेइतकेच हेही शिकवावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

एक त्रुटी मात्र टाळायला हवी. चॅप्लिन फक्त मृत्यूच्या प्रसंगीच आणला, तर तो आला म्हणजे रुग्ण गेला, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घर करते. खरे तर शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भीतीने जागणाऱ्या रुग्णालाही त्याची गरज असते. शिवाय चॅप्लिनला निरोप धाडला की आपली जबाबदारी संपली, असेही नाही. रुग्णाला आधार कशाचा वाटतो, हा पहिला प्रश्न नर्सनेच विचारायचा असतो.

गंगाजलाचा प्रसंग आपल्या मुलीने शिक्षकांना अवश्य सुचवावा. हिंदू कुटुंबांच्या अशा अपेक्षा तेथील सहाध्यायांना क्वचितच ठाऊक असतील.