विचारा, सांगतो: गेम पाच तुकड्यांत का?

प्रश्न: दादा नमस्कार, माझी मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, सध्या लॅपटॉपवर ‘लाइफ इज स्ट्रेंज’ नावाचा गेम खेळून राहिली आहे, पाच भागांचा आहे म्हणे. दुसरा भाग संपला तेव्हा रात्री रडत बसली होती, विचारलं तर म्हणाली तू खेळल्याशिवाय कळणार नाही. एक गेम असा तुकड्यातुकड्यात विकायचा म्हणजे पैसे काढायचा धंदा नाही का? आणि त्यात एवढं आहे तरी काय?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, पैशाचा भाग होताच, पण जरा वेगळा. पॅरिसची डोन्टनॉड कंपनी, त्यांचा 2013चा ‘रिमेंबर मी’ फारसा चालला नाही, 2014 मध्ये तर कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली गेली होती, आणि तेव्हाच एक छोटी टीम हा गेम बनवत होती. एकदम मोठा गेम काढायला पैसा नव्हता, शिवाय त्यांना गोष्ट सावकाश सांगायची होती, म्हणून भाग पाडले. बाकीचे पब्लिशर म्हणत होते हिरॉइन काढा, मुलगा घ्या, फक्त जपानच्या स्क्वेअर एनिक्स या पब्लिशरने काही बदलायला सांगितलं नाही. मला तर वाटतं तिथेच गेम वाचला.

हिरॉइन मॅक्स, फोटोग्राफी शिकणारी, तिला वेळ मागे नेता येतो, म्हणजे चुकीचं बोललीस तर मागे जा आणि दुसरं बोल. आता दुसऱ्या भागाचा शेवट बघा, वर्गातली केट जीव द्यायला हॉस्टेलच्या गच्चीच्या कडेला उभी आहे आणि नेमकी तिथेच मॅक्सची शक्ती संपते. मग उपयोगी पडतं ते आधी केलेलं, केटचा फोन आला तेव्हा उचलला होता का, तिच्या खोलीतले फोटो, बायबल नीट बघितलं होतं का. एक-दोन उत्तरं चुकली तर ती जाते, राहिली तर तुमच्यामुळे राहते. तुमची मुलगी रडली यात मला नवल वाटत नाही. त्या विषयावर बोलायला मदत कुठे मिळेल याचं पानही कंपनीने वेबसाइटवर ठेवलं होतं, आपल्याकडे सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 आहे, नंबर घरात असू द्या.

पहिला भाग 30 जानेवारी 2015ला आला आणि शेवटचा 20 ऑक्टोबरला, मध्ये दोन-दोन महिने, कधी जास्त थांबायचं. प्रत्येक भागाच्या शेवटी किती टक्के लोकांनी काय निवडलं ते दिसतं, त्यामुळे थांबण्याच्या काळात जगभर नुसती चर्चा, तू फोन का नाही उचललास वगैरे. एकदम सगळा आला असता तर ती मजा गेलीच असती.

नावं ठेवणारेही होते, ओठ आणि आवाज जुळत नाहीत, पोरापोरींचं बोलणं कृत्रिम वाटतं, आणि ते खरं आहे. पाचव्या भागाच्या शेवटावर तर आजही दोन तट आहेत, तो इथे लिहीत नाही कारण तिचं अजून बाकी आहे. पण 2016 मध्ये गोष्टीसाठीचा बाफ्टा हा ब्रिटनचा पुरस्कार मिळाला, 2017पर्यंत 30 लाखांवर प्रती गेल्या.

वयाचं म्हणाल तर युरोपात 16च्या पुढे, अमेरिकेत 17च्या पुढे असा शिक्का आहे, तिला चालेल. फक्त रात्रीत दोन भाग नको म्हणावं, एक भाग झाला की दोन-चार दिवस जाऊ देत. आणि पहिला भाग 2016पासून फुकट केलाय, तुम्हीच एकदा तिच्या शेजारी बसून खेळून बघा ना.