अंदमानात बेटांदरम्यान खासगी बोटीने जावे की सरकारी? वडिलांना बोट लागते.

जानेवारीतल्या अंदमानच्या प्रवासाबद्दल आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील यांच्या दरम्यान खासगी कॅटमरान, म्हणजे जोड सांगाड्याची वेगवान बोट, बरी की सरकारी फेरी, वडिलांना बोट लागते त्यासाठी काय करावे, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून निघून दुपारचे विमान गाठता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. बहुतेक दिवशी विमान गाठता येते, तरीही आईवडील बरोबर असताना असा कार्यक्रम कोणी आखू नये.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघे भाऊ आईला घेऊन अंदमानला गेलो होतो. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिचे माहेर हर्णैचे. लहानपणी पडावातून आगबोटीपर्यंत जायचे आणि आगबोटीने मुंबई गाठायची, हा प्रवास तिने कितीतरी वेळा केलेला होता, आणि समुद्राचे तिला भय नव्हते. अंदमानला तिला एकच गोष्ट पाहायची होती आणि ती म्हणजे सेल्युलर जेल. ४ जुलै १९११ रोजी सावरकर ज्या दारातून आत गेले, त्या दारातून एकदा आत जायचे, असे ती माझ्या लहानपणापासून म्हणत आली होती.

कार्यक्रम दादाने पुण्यातल्या एका प्रवास कंपनीकडून आखून घेतला होता. विमानतळावरून थेट धक्क्यावर, तिथून कॅटमरानने हॅवलॉक, मग नील, आणि अखेरच्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत, मधल्या दोन तासांत सेल्युलर जेल आणि दुपारी चेन्नईचे विमान. मी तेव्हाच म्हटले होते की ज्यासाठी आई येते आहे ते पहिल्या दिवशी ठेवू या आणि बेटे नंतर पाहू. दादा म्हणाला, ‘तुरुंग कुठे पळून जातो का?’ कंपनीच्या माणसानेही त्याचीच री ओढली, आणि पैसे दादाचे असल्याने मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला आजही खुपते.

जाताना कॅटमरानमध्ये पहिल्या अर्ध्या तासातच आईला बोट लागली. खासगी बोटी वेगवान असतात आणि दीड तासाच्या आसपास हॅवलॉकला पोहोचतात. सरकारी फेरीला सुमारे अडीच तास लागतात. परंतु आमच्या कॅटमरानमध्ये प्रवाशाने वातानुकूलित दालनात, नेमून दिलेल्या खुर्चीवर बसून राहायचे होते. काचांवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून पांढरे झाले होते, त्यामुळे बाहेरचे काही नीट दिसत नव्हते. बोट बंदरातून बाहेर पडून मोकळ्या समुद्राला लागली की आडव्या लाटांवर आखूड हिसके बसू लागतात. शरीराला हलणे कळते आणि डोळ्यांना मात्र स्थिर भिंत दिसते. या विसंगतीनेच मळमळ सुरू होते, आणि म्हणूनच क्षितिज दिसत राहिले तर त्रास कमी होतो. आगबोटीच्या काळात कधी न लागलेली बोट आईला लागली, तेव्हा दादाने वयाला दोष दिला. मी त्या बंद दालनाला दोष देतो.

हॅवलॉक छान होते, राधानगरचा किनारा खरोखर सुंदर आहे, त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही नीलला असताना कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि तिथल्या भरतपूरच्या धक्क्यावर बोटी बंद असल्याची सूचना लागली. पहिला दिवस गेला, दुसराही गेला, आणि आमचे विमान आमच्याशिवाय निघून गेले. प्रवास कंपनीचा दूरध्वनी कोणी उचलत नव्हते. धक्क्यावर काही पर्यटक तिथल्या कर्मचाऱ्यांशी चढ्या आवाजात बोलत होते, ते मला पटले नाही. आम्ही कोकणातली माणसे आहोत. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या दिवसाच्या आठवणी ऐकत आईची पिढी वाढली. पोर्ट ब्लेअरजवळही २६ जानेवारी २०१४ रोजी क्षमतेपेक्षा जास्त पर्यटक घेतलेली एक बोट उलटली आणि वीसहून अधिक जीव गेले. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर अडकलेल्या पर्यटकांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. त्यामुळे बोट बंद ठेवणाऱ्या माणसावर कोणी रागावू नये. राग यावा तो ज्याने कार्यक्रमात एक दिवसही मोकळा ठेवला नाही त्याचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरकारी फेरी आली. आधी स्थानिक लोक, मग आम्ही, असा क्रम होता, आणि तो योग्यच आहे. ती बोट म्हणजे त्या लोकांची एस.टी. आहे. त्याच बोटीने पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात रुग्ण जातात, विद्यार्थी जातात, नीलच्या वाड्यांतली भाजी जाते. या बेटावर बहुतेक वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची आहे, आणि अवघा पोर्ट ब्लेअर त्यांच्या शेतातली भाजी खातो. आमच्या शेजारी वांग्यांच्या गोणी होत्या आणि एक आजोबा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी निघाले होते. त्यांनी आईला सरकून जागा दिली.

समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. दादा आत जाऊन बसला, आणि आई वरच्या डेकवर कठडा धरून उभी राहिली. संपूर्ण प्रवासात तिला एकदाही मळमळले नाही. ऊन उतरू लागले तेव्हा रॉस बेट दिसले, आणि ते मागे पडत असतानाच त्यापलीकडच्या उंचवट्यावर सेल्युलर जेलच्या लांबलचक भिंती दिसू लागल्या. मी काही सांगण्याआधीच आईने ओळखले आणि डोक्यावरून पदर घेतला. ‘त्यांनीही पहिल्यांदा इथूनच पाहिला असेल ना रे?’ असे तिने विचारले. सावरकरांना ‘महाराजा’ बोटीने आणले होते, त्यामुळे तिचे म्हणणे बरोबर होते.

धक्क्यावर उतरेपर्यंत अंधार पडला. देशाच्या बऱ्याच पूर्वेला असल्यामुळे तिथे नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघणाऱ्या विमानाची तिकिटे दादाने कशीबशी मिळवली होती. जेलचे दार बंद झालेले होते. आई दारासमोर पाच मिनिटे उभी राहिली आणि काही न बोलता टॅक्सीत येऊन बसली. पुढे तिचे गुडघे गेले आणि अंदमान राहिले ते राहिलेच. दादा आजही म्हणतो की हवामानापुढे कोणाचे काय चालते. हवामान आपल्या हाती नसते, हे मला मान्य आहे. सेल्युलर जेल पहिल्या दिवशी ठेवणे मात्र पूर्णपणे आमच्या हाती होते.

म्हणून माझे मत असे आहे. आईवडिलांना ज्या गोष्टीची ओढ आहे ती पहिल्या दिवशी ठेवा, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, आणि किमान परतीचा प्रवास सरकारी फेरीने करा. पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव आता श्री विजयपुरम, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप आहे. तिकिटांवर आणि वेळापत्रकात ही नावे दिसली तर गोंधळू नका.

वडिलांना बोट लागू नये म्हणून निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास गोळी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर ती घेऊन फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंब भरूही नका. खिशात आलेपाक असू द्या. आत बसावेच लागले तर बोटीच्या मध्यभागी, शक्य तितके खालच्या बाजूला बसवा, आणि वाचायला किंवा मोबाइल पाहायला देऊ नका.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. परतीच्या वेळी आईनेही गोळी घेतली होती, त्यामुळे सगळे श्रेय मोकळ्या वाऱ्याला देता येणार नाही. दुसरे म्हणजे सरकारी फेरीची पर्यटकांसाठीची तिकिटे लवकर संपतात, वेळा बदलतात आणि स्वच्छतागृहे साधारण असतात. बोटीत चढण्याची फळी हलती असते, म्हणून वडिलांचा तोल जात असेल तर एकाने पुढे आणि एकाने मागे राहावे. तिकीट मिळालेच नाही तर खासगी बोटीने जा, जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो.

परतताना डेकवर उभे राहता आले तर आईवडिलांना डाव्या कठड्याशी उभे करा. उजवीकडे नॉर्थ बेचे दीपगृह दिसते आणि बहुतेक लोक तिकडेच छायाचित्रे काढत असतात. जेल डावीकडे येते.