भूकंपानंतर टाकाऊ सामानातून खरंच राहण्याजोगा निवारा उभा राहतो का?

हो, राहतो. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी १९९५च्या कोबे भूकंपानंतर पुनर्वापराच्या कागदाच्या जाड नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून भिंती केल्या. पाया होता बिअरच्या प्लास्टिक क्रेटचा, आत वाळूच्या पिशव्या.

मला जास्त मोलाचं वाटतं ते २००१मधलं भुजचं काम. तिथे तसे क्रेट नव्हते, म्हणून पडलेल्या इमारतींचा राडारोडाच पायात भरला आणि वर नेहमीसारखी मातीची जमीन केली. छताला बांबूच्या कमानी, त्यावर विणलेल्या चटया आणि ताडपत्री. दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेल्याला याची किंमत कळेल! म्हणजे आराखडा तोच, पण सामान जिथलं तिथलं.

कागद टिकतो का? कोबेतलं कागदी नळ्यांचं चर्च दहा वर्षं वापरात होतं, मग सुटं करून तैवानला नेऊन पुन्हा उभारलं. पाणी मात्र कागदाचा खरा शत्रू, त्यामुळे पाया उंच घ्या, सांधे नीट बंद करा. आणि राडारोड्यातले ॲस्बेस्टॉसचे फुटके पत्रे कृपा करून वापरू नका, त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक असते.