शेत विकण्यापूर्वी

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याला वरचेवर ताप येऊ लागला, पाय दुखतात म्हणून तो रात्री रडत असे आणि पुढे अंगावर निळसर डाग दिसू लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनदा टायफॉइडचे औषध दिले. अखेर एका खासगी रुग्णालयात बोन मॅरोची तपासणी झाली आणि ए.एल.एल. नावाचा रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. तेवढ्यातच जवळचे सत्तर हजार रुपये संपले. आता मुंबईला न्यायला सांगितले आहे. आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि यजमान शेती सांभाळून दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर जातात. दीर म्हणतात, जमीन विका आणि मोठ्या रुग्णालयात भरती करा. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला केमोचे विष नको, ओळखीच्या वैद्यांचा काढा देऊ. मोठी मुलगी तिसरीत आहे, तिला कोठे ठेवावे? माझ्याच हातून काही चुकले असेल का, हा विचारही मनातून जात नाही.
— एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात ठेवून पुढची दोन वर्षे काढणे कठीण आहे. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. ए.एल.एल. हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे आणि आईने गरोदरपणी काय खाल्ले, किती काम केले, याच्याशी त्याचा संबंध जोडायला काहीही आधार नाही. तो संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे मुलीला भावापासून धोका नाही.

हा आजार बरा होऊ शकतो. ज्या देशांत पूर्ण उपचार सहज मिळतात तेथे दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी राहण्यामागे एक मोठे कारण असे की अनेक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात. पहिल्या महिनाभराच्या उपचारांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात, मूल खेळू-जेवू लागते, आणि नेमका तेव्हाच घरचा पैसा संपलेला असतो. ‘आता बरा झाला की’ असे नातेवाईक म्हणू लागतात आणि कुटुंब गावी परतते. प्रत्यक्षात लपून राहिलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी उपचार एकूण दोन ते अडीच वर्षे चालतात. आजार उलटला तर दुसऱ्या वेळचे उपचार अधिक कठीण आणि अधिक खर्चिक असतात. म्हणूनच पैशांचा विचार पहिल्या महिन्यापुरता न करता पूर्ण अडीच वर्षांचा करावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

दिरांची तळमळ खरी आहे, पण जमीन आज विकू नका. घाईत विकलेले शेत पडेल भावाने जाते, हाती आलेली रक्कम पहिल्या काही महिन्यांत संपते आणि पुढच्या काळात घराला आधार देणारे उत्पन्नही उरत नाही. सावकाराचे कर्जही नको. आधी कोणत्या योजनेतून काय मिळते ते पाहावे. सर्व दारे ठोठावून झाल्यावरही तूट राहिली, तर त्या वेळी शेताचा विचार करता येईल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आता कुटुंबाला दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात आणि कर्करोगाचे उपचार त्यात आहेत. ही योजना रोकडरहित आहे, म्हणजे आधी खिशातून खर्च करून नंतर पावत्या दाखवल्यास पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे कोठेही अनामत रक्कम भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटा. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव आहे का ते आजच पाहा. नसेल तर ते लावण्याचा अर्ज द्या आणि जन्मदाखला जवळ ठेवा. याच ठिकाणी अनेक कुटुंबांचे मोलाचे दिवस वाया जातात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही गावाहून निघण्यापूर्वीच काढा, कारण मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तो लागतो. त्या निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तेथेही हाच दाखला विचारतात.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलात तर नोंदणी झाल्यावर समाजसेवा विभागात जायला विसरू नका. बालरुग्णांना पैशांअभावी उपचार सोडावे लागू नयेत, याच हेतूने तेथे इम्पॅक्ट फाउंडेशन काम करते. समाजसेविकेपुढे घरची परिस्थिती जशी आहे तशी सांगा. संकोचाने काही लपवले तर तिला मदत करणे अवघड होते.

औषधांचा खर्च योजनांतून भागला तरी मुंबईत राहणे, खाणे, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा पूर्ण हिशेब कोणतीही योजना करत नाही, आणि कुटुंबे बहुधा येथेच थकतात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचाही मोठा आधार आहे. जागा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून समाजसेविकेमार्फत पहिल्याच दिवशी नाव नोंदवा. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर वर्गात भाडे माफ आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीला पंच्याहत्तर टक्के सवलत आहे. रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन ते तिकीट खिडकीवर दाखवावे लागते. पुढे उपचारांचा मोठा भाग घरी घ्यायच्या गोळ्यांचा असतो. त्या वेळी काही तपासण्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होतील का, हे डॉक्टरांना विचारा. तसे जमले तर मुंबईच्या खेपा कमी होतील आणि यजमानांना पेरणी-काढणीच्या दिवसांत शेतावर राहता येईल.

सासूबाईंना केमोची भीती वाटते, ती अनाठायी म्हणता येणार नाही. केस जातात, तोंड येते, उलट्या होतात, हे सर्व खरे आहे. मात्र त्रास तात्पुरता असतो आणि उपचार न केल्यास हा आजार जीव घेतो, हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकावे. शक्य झाल्यास एकदा त्यांनाही सोबत न्या. काढा मात्र देऊ नका. त्यातील घटक केमोच्या औषधांशी कसे वागतील हे सांगता येत नाही आणि यकृतावर आधीच ताण असतो. घरात थर्मामीटर ठेवा. केमो सुरू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. उपचारांची फाईल घेऊन रात्रीच रुग्णालय गाठा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो.

मुलीला आजीजवळ गावीच ठेवावे आणि तिची शाळा चालू राहू द्यावी. तिला खरे सांगा : भाऊ आजारी आहे, औषध मोठे आहे, वेळ लागेल, आणि यात तिची काही चूक नाही. नऊ वर्षांच्या आसपासची मुले न सांगितलेल्या गोष्टींचा दोष स्वतःकडे घेतात. रोज ठरलेल्या वेळी तिला फोन करा आणि बोलणे केवळ भावाच्या तब्येतीपुरते ठेवू नका. तिच्या वर्गशिक्षकांनाही घरची परिस्थिती कळवून ठेवा. मुलालाही सुई टोचण्यापूर्वी ‘काही होणार नाही’ असे म्हणू नका. थोडे दुखेल, मी इथेच आहे, असे सांगा. त्याला पुढे अनेकदा सुया टोचून घ्यायच्या आहेत आणि त्या प्रत्येक वेळी त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा.