वजनाच्या इंजेक्शनचं ट्रेनिंग: अजून एक कोर्स करण्याआधी हे वाचा

डॉक्टर, परभणीला नवीन ओपीडी टाकलीय, पेशंट मोबाइलवर नाव दाखवून वजनाचं इंजेक्शन मागायलेत, ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट आहे पण पहिल्याच पेशंटला उलट्या लागल्या तर मला आणि सिस्टरला काही सुचेना, आता अजून कुठला कोर्स करू असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडं अगदी हेच झालं होतं म्हणून लांबलचक लिहायले, सवडीनं वाचा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. लातूरला एका फिजिशियन सरांच्या ओपीडीत डायबेटिस एज्युकेटर आहे, त्याआधी वॉर्डात सिस्टर होते. कुणाला द्यायचं, किती द्यायचं हे तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या एमडी सरांनी ठरवायचं. बीएमआय, थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरची घरातली हिस्ट्री, प्रेग्नन्सी, आधी झालेला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) हे सगळं आधी विचारायचं ते तुम्हाला माहितीच असणार, त्यात जात नाही.

माझं म्हणणं एकच आहे, स्लाइडवर शिकवून हे औषध सुरक्षित होत नाही. सुई कोण भरणार, आणि तिसऱ्या दिवशी पेशंटचा फोन आला तर कोण उचलून काय विचारणार, या दोन माणसांचं ट्रेनिंग झालं पाहिजे. आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

मार्च 2025 मध्ये मॉन्जारो (म्हणजे टिर्झेपॅटाइड, वजनाचं आणि शुगरचं इंजेक्शन) भारतात आलं ते आधी कुपीत आलं, पेन नंतर. 2.5 मिलिग्रॅमची कुपी तेव्हा 3500 रुपयांना आणि 5 ची 4375 ला. दोन्हीत औषध अर्धा मिली. आता किमतीत एवढाच फरक म्हटल्यावर कुणाच्या पण डोक्यात येणार की 5 ची घेऊन दोनदा वापरू. कंपनीच्या कागदावर एक कुपी एकदाच वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं असं स्पष्ट असतं, पण आमच्या सरांनी फी भरून आम्हाला ज्या संस्थेचा कोर्स करायला लावला (नाव लिहीत नाही, विचारू पण नका) त्यांनी ही अर्ध्या कुपीची युक्ती चक्क हँडआउटमध्ये छापली होती. "25 युनिट टोचा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात." बस्स. कुठली सिरिंज ते नाही, मिलीमध्ये किती ते नाही.

तुम्हाला माहितीय आपल्याकडं इन्सुलिनच्या दोन सिरिंज चालतात, लाल टोपणाची 40 ची (एका मिलीला 40 युनिट) आणि नारंगी टोपणाची 100 ची (एका मिलीला 100 युनिट). 100 च्या सिरिंजवर 25 युनिट म्हणजे पाव मिली, अर्धी कुपी, इथवर हिशोब बरोबर. पण खेड्यातल्या घरात इन्सुलिनवाल्याकडं लाल टोपणाचीच पडलेली असते, आणि तिच्यावर 25 युनिट म्हणजे 0.625 मिली, तेवढं कुपीत नसतंच! औसा भागातल्या एका मावशींच्या घरी तेच झालं. त्यांच्या डॉक्टरांनी तोच कोर्स केलेला, हातात तोच कागद. मुलानं मावशींच्या सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या लाल सिरिंजनं औषध ओढलं, ते जेमतेम 20 च्या रेघेपर्यंत आलं, 25 काही होईना, म्हणून त्याला वाटलं कुपीत माल कमीच आहे. सगळंच टोचलं. म्हणजे आयुष्यातला पहिलाच डोस डबल. त्यात शुगरची ग्लिमेपिराइड गोळी कमी करायचं कुणी सांगितलेलं नाही. मावशी आमच्याकडं आल्या तेव्हा उलट्यांनी जीभ कोरडीठाक, शुगर साठच्या खाली, घाम सुटलेला, मुलगा ती रिकामी कुपी आणि सिरिंज पिशवीत घेऊन उभा. सिरिंज आणली हे फार बरं केलं त्यानं, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. मावशी सलाइनवर राहिल्या आणि सुधारल्या.

मी संस्थेला फोटोसकट सगळं कळवलं, हँडआउट मागं घ्या, बाकीच्या डॉक्टरांना मेसेज टाका म्हणून. उत्तर आलं की तुमच्या बॅचचा डाउट सपोर्ट संपलाय, ॲडव्हान्स्ड मॉड्यूलला नाव नोंदवा. मला आजही याचा संताप येतो. पैसे घेऊन चुकीचं शिकवायचं, आणि चूक दाखवली तर परत पैसे मागायचे, तोवर तो कागद कुठंकुठं फिरला असेल कोण जाणे.

म्हणून तुम्ही दुसरा कोर्स शोधू नका, निदान आत्ता तरी. एका दुपारी ओपीडी झाल्यावर टेबलावर दोन्ही सिरिंज, डेमो पेन आणि सलाइनची बाटली ठेवा. सिस्टर, कंपाउंडर, शक्य असेल तर मेडिकलवाल्या पोराला पण बसवा. प्रत्येकानं दोन्ही सिरिंजमध्ये अर्धा मिली भरून दाखवायचं, कितव्या रेघेला आलं ते मोठ्यानं म्हणायचं (एकात 50, दुसऱ्यात 20). मग तेच पेशंटला समजावून सांगायचं आणि पेशंटकडून उलटं वदवून घ्यायचं. चिठ्ठीवर युनिट लिहायचंच नाही, मिलिग्रॅम आणि मिली लिहायचं. आता सेमाग्लूटाइडचं (हे असंच दुसरं वजनाचं इंजेक्शन) पेटंट मार्च 2026 मध्ये संपल्यावर स्वस्त जेनेरिक यायलेत, त्यामुळं ही सवय आत्ताच लावून घ्या.

फोनसाठी वेगळी वही ठेवा. डोस दिल्यावर दोनतीन दिवसांत सिस्टरनं स्वतःहून फोन करायचा, पेशंटची वाट बघायची नाही. लघवी किती वेळा झाली, पाणी टिकतंय का, पोटातलं दुखणं पाठीकडं जातंय का, उजव्या बरगडीखाली दुखतंय का, शुगर किती. पाठीकडं जाणारं जोरात दुखणं म्हणजे त्याच दिवशी बोलवायचं, ॲसिडिटीची गोळी सांगून फोन ठेवायचा नाही. डोस चुकला असेल तर टिर्झेपॅटाइड 4 दिवसांच्या आत, सेमाग्लूटाइड 5 दिवसांच्या आत घेता येतं, नाहीतर तो सोडून पुढच्या ठरल्या दिवशी. मोठा खंड पडला तर जुन्याच मोठ्या डोसवर उडी मारू द्यायची नाही, परत तुमच्याकडं पाठवायचं. आणि 4 आठवडे झाले म्हणून डोस वाढवलाच पाहिजे असं कुठंच नाही. 4 आठवडे म्हणजे कमीत कमी. मळमळ थांबली नसेल तर तिथंच थांबा, पेशंट कितीही घाई करू दे.

बायकांना एक नक्की सांगायला लावा, टिर्झेपॅटाइड चालू करताना आणि दर वेळी डोस वाढवताना पुढचे 4 आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकट्या विसंबू नका. हे माझ्या अनुभवात कुणीच सांगत नाही. तसंच कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू आहे म्हणून सांगायचं, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो म्हणून.

आपल्याकडचं अजून एक. नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपवास धरणाऱ्या बाया पुष्कळ, दिवसभर पाणी कमी आणि मग एकदम तेलकट साबुदाणा, त्याच आठवड्यात डोस वाढवलेला असला की उलट्या ठरलेल्याच. उपवास आधीच विचारून घ्या, रमजानचं पण तसंच. आणि मे महिन्यात परभणीत घराबाहेर 30 डिग्री कुठून आणणार? कागदावर फ्रिजबाहेर 30 पर्यंतच चालतं म्हणून लिहिलंय. एसटीच्या पार्सलनं मागवलेलं, गाडीच्या डिकीत राहिलेलं पेन वापरू नका म्हणा. आणि फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलेलं औषध फेकूनच द्यायचं.

त्रास झालेल्या प्रत्येक पेशंटची नोंद फार्माकोव्हिजिलन्सला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम) करा, 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे, फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. मावशींची नोंद आम्ही केली होती.

तुमच्या त्या पेशंटला कुपी होती का पेन, आणि शुगरची गोळी चालू होती का, तेवढं लिहा. फोनच्या वहीत आम्ही जे प्रश्न विचारतो ते मी मराठीत टाइप करून इथंच टाकते, सिस्टरला प्रिंट काढून द्या.