रिट्रीव्हरचं प्रशिक्षण आणि वनखात्याची नोटीस

प्रश्न : आमच्या अकरा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला फेकलेली वस्तू उचलून आणायला शेतात शिकवतो. त्यासाठी बांधावर मेलेल्या तितराचे पंख डमीला (फेकायच्या नकली वस्तूला) बांधले होते. एकदा त्याने ज्वारीतून जिवंत तितर धरून आणला. आम्ही तो लगेच सोडला. त्याचा व्हिडिओ गावात फिरला आणि वनखात्याने जबाबाला बोलावलंय. कुत्रा शिकवणं गुन्हा आहे का? व्हिडिओ काढून टाकू का?

उत्तर : व्हिडिओ अजिबात काढून टाकू नका. तो इतरांच्या फोनमध्ये आहेच. तुमच्याकडचा पुसलात तर पुरावा नाहीसा केल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 चा, वेगळा आरोप ओढवू शकतो.

कुत्र्याला वस्तू आणायला शिकवणं हा गुन्हा नाही. अडचण रानपक्ष्यापाशी सुरू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 2(16) मध्ये शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, पाठलाग करणं, हाकून उठवणं आणि यातला प्रत्येक प्रयत्नही शिकारच. त्यामुळे ‘पक्षी जिवंत सोडला’ एवढ्याने सुटका होत नाही. कुत्रा स्वतःहून धावला की तुम्ही त्याला सोडलं, हा खरा मुद्दा आहे. व्हिडिओत ‘जा, आण’ असा तुमचा आवाज असेल तर बचाव बराच कमकुवत होतो. तुम्ही परत बोलावत असाल, तर तोच व्हिडिओ तुमच्या बाजूचा पुरावा ठरेल. आवाजासकट मूळ फाइल वकिलाला आधी ऐकवा.

पंखांचं प्रकरण तुम्हाला किरकोळ वाटत असेल, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मेलेला सापडलेला वन्यप्राणीही कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता असतो आणि ताब्यात आल्यापासून 48 तासांत कळवावं लागतं. पंख जाळू किंवा पुरू नका. वकिलामार्फत लेखी पत्रासह जमा करून पोच घ्या.

शिक्षा दोन गोष्टींवर ठरते. पक्षी कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला, नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकमधला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड. म्हणून आपल्या शेताचा गट अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे आजच तपासा. सोलापूर-अहिल्यानगर भागातल्या माळढोक अभयारण्यात खाजगी शेतंही आहेत आणि अनेक शेतकऱ्यांना याची कल्पना नसते.

जबाबाला जरूर जा, पण एकटे जाऊ नका. अधिकृत सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष कलम 50 नुसार पुढे खटल्यात ग्राह्य धरता येते. न वाचता सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती होऊ शकत नाही, हा संविधानाच्या अनुच्छेद 20(3) चा हक्क आहे. अटकेची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा.

प्रशिक्षण चालू ठेवा, पण पद्धत बदला. अर्धा किलोच्या आसपासची कॅनव्हासची डमी घ्या, वास हवा असेल तर पाळीव कोंबडीची पिसं बांधा. उभ्या पिकात आणि गवतात दहा मीटरची दोरी गळ्यात असू द्या. ‘थांब’ आणि ‘सोड’ पक्कं झाल्याशिवाय दोरी काढू नका. तुमच्याकडे नेमकं इथेच चुकलं असावं, कारण या वयाचं कुत्रं उडणारा पक्षी दिसला की हाक ऐकत नाही. पक्षी जमिनीवर अंडी घालतात त्या दिवसांत त्या पट्ट्यात जाऊच नका, घरट्याला धक्का लावणंही शिकारीच्या व्याख्येत येतं. कुत्र्याला बंदुकीसारख्या मोठ्या आवाजाची सवय लावायची तर लाकडी फळ्या दुरून आपटा आणि अंतर हळूहळू कमी करा. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक त्यासाठी वाजवली तर परवान्याच्या अटींचा भंग होऊन शस्त्र अधिनियमाचं कलम 30 लागू शकतं.

डमी, दोरी आणि लसीकरणाची कागदपत्रं यांचे फोटो जबाबाला जाताना सोबत ठेवा.