वायफाय तीन महिने, पावती वर्षाची?

प्रश्न : दादा, आम्ही अहमदपूर तालुक्यातले. पोराची नीट आहे मे महिन्यात म्हणून त्याला घेऊन लातूरला ट्यूशन एरियात रूम करून राहिलेय. तीन महिन्याचाच प्रश्न आहे, पेपर झाला की सामान उचलायचं. टेस्ट सिरीज, रेकॉर्डेड लेक्चर सगळं ऑनलाइन, मोबाईलचा रोजचा दोन जीबी दुपारीच संपायलाय. वायफायचं दोघा-तिघांना विचारलं तर सगळे म्हणतेत सहा महिन्याचा नाहीतर वर्षाचा प्लॅन घ्या, इन्स्टॉलेशन फ्री देतो. तीन महिन्यासाठी एवढे पैसे कशाला भरू? आणि मालक भिंतीला भोक पाडू देईनात ते वेगळंच.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, कुणाला फोन लावायच्या आधी रूमच्या भिंतीकडं नीट बघा. खिडकीतून किंवा दारावरच्या फटीतून बारीक काळी नाहीतर पांढरी वायर आत आलेली दिसते का? ट्यूशन एरियातल्या रूममधी दरवर्षी नवीन पोरं येतेत-जातेत, त्यामुळं मागच्या भाडेकरूची फायबर तशीच लोंबकळत राहिलेली असण्याचा चान्स बराच आहे. मालकाला विचारा ती कुणाची, आणि त्याच माणसाला बोलवा. वायर आधीच आलेली असली की त्याला फक्त बॉक्स लावून चालू करायचं असतं, मग इन्स्टॉलेशनवर घासाघीस करायला तुम्हाला जागा मिळते आणि भोक पाडायचा विषय पण मिटला.

वायर नसली तर आता हिशोबाकडं या, कारण आपल्याकडं ब्रॉडबँडला कुणी करार म्हणत नाही, करार असतो त्या 'फ्री' शब्दात. जिओ एअरफायबर (वायरीऐवजी मोबाईल टॉवरवरून येणारं घरचं नेट) 2023 च्या गणेश चतुर्थीला आलं तेव्हा पण हेच होतं, इन्स्टॉलेशन 1000 रुपये पण वर्षाचा प्लॅन घेतला तर माफ. धरून चला की महिन्याचा प्लॅन 600 चा आहे आणि इन्स्टॉलेशन 1000, दोन्हीवर 18 टक्के जीएसटी. महिना-महिना भरून तीन महिने वापरलं तर सगळं मिळून 3304 होतात. इन्स्टॉलेशन फ्री म्हणून सहा महिन्याचा घेतला तर 4248. म्हणजे ते फ्री तुम्हाला 944 रुपयाला पडलं. चार महिने राहिलात तरी महिन्याचंच स्वस्त पडतं (4012), पाचव्या महिन्यात मात्र गणित उलटं फिरतं, तेव्हा निकाल लागेपर्यंत, ॲडमिशन होईपर्यंत थांबायचं असेल तर आत्ताच ठरवा. तुम्हाला जो आकडा सांगतील तो घालून हीच बेरीज करा, आणि सांगितलेला आकडा जीएसटी धरून आहे का वगळून हे आधी विचारा, जाहिरातीत तो बहुतेक वेळा वगळूनच असतो.

मोठ्या कंपनीपेक्षा तुमच्यासारख्याला गल्लीतला केबलवाला बरा असं माझं मत आहे, लोक नावं ठेवतेत त्याला पण तो महिन्याच्या रिचार्जवर चालतो, रिचार्ज नाही मारलं की लाईन आपोआप बंद, विषय संपला. बीएसएनएलचं फायबर पण बऱ्याच ठिकाणी अशीच लोकल माणसं जोडून देतात, त्यामुळं तिथं सुद्धा सगळा खेळ त्या माणसावर आहे. समोरच्या रूममधल्या पोरांना विचारा रात्री दहाला कसं चालतं, दिवसा सगळ्यांचंच चालतं.

स्पीडच्या नादी लागू नका. 30 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी, लेक्चर बघायला आणि टेस्ट द्यायला हे भरपूर झालं. 100 चा घ्या म्हणून गळ घालतील, एका पोराला काय करायचाय तो.

राउटरचं डिपॉझिट मात्र जपून. माझं सांगतो, सिडकोत राहायचो तेव्हा वर्षाचा प्लॅन घेतला, घेताना "बदली झाली तर शिफ्ट करून देऊ साहेब" म्हणाले, चौथ्या महिन्यात बीडला बदली आली आणि तिथं त्यांची लाईनच नाही! आठ महिन्याचे पैसे गेले आणि डिपॉझिटची पावती नव्हती म्हणून ते पण गेलं, कारण दिलं होतं ते हातात, नोटा मोजून. म्हणून सांगायलोय, डिपॉझिट ऑनलाइन द्या, राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, आणि बंद करताना तोंडी सांगू नका, ॲपवर किंवा मेलवर टाकून तक्रार नंबरसारखा जो नंबर येतो तो घ्या. पुढं अडलं तर लोक थेट ट्रायला (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) लिहायला निघतात, पण ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथं नाही झालं तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण असा रस्ता आहे, आणि तिथं तो नंबरच लागतो.

अजून एक, मालकाकडं खाली वायफाय असेल तर सरळ महिन्याचे दोनशे-तीनशे देऊन पासवर्ड मागायला काय लाजायचं. फक्त टेस्टच्या दिवशी लाईट गेली तर काय ते बघून ठेवा, राउटरला पण लाईट लागते. मोबाईलचा दोन जीबी त्या दिवशी सकाळी रील्समधी घालवू देऊ नका त्याला.

प्रश्न : दोन महिने वर्क फ्रॉम होम घेऊन शेतातल्या घरी आलोय, फायबर गावापर्यंतच आहे, आखाड्यापर्यंत यायला तयार नाहीत. काय करू?
— एक वाचक, भूम

उत्तर : त्यांच्या मागं लागू नका, दोन महिन्यासाठी खांब कोण टाकणार. सिम टाकायचा राउटर मित्राकडून मागून घ्या. पण आधी दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन माळवदावर चढा आणि सकाळी, दुपारी, रात्री नऊला स्पीड टेस्ट मारा, एकदाच मारून फसू नका. एअरफायबरवाला आला तरी तो टॉवरच बघणार आहे, फाईव्ह जी तुमच्या आखाड्यावर येत नसेल तर त्याची छत्री लावून पण उपयोग नाही. आणि मिटिंगमधी व्हिडिओ बंद ठेवा, मागनं म्हैस दिसली तर तसंही साहेबांना सांगणं अवघडच.